सवा लाखाचं औषध

गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पाठ निवांतपणे कोणी वाचत नाही. एक्सपायरी बघायची, किंमत बघून तोंड वाकडं करायचं आणि पाकीट डब्यात टाकायचं. चष्मा लावून वाचली, तर बऱ्याच पाकिटांवर अगदी खाली बारीक अक्षरांत एक पत्ता सापडतो : इंडस्ट्रियल इस्टेट, पोलोग्राउंड, इंदूर. पोलोचे घोडे केव्हाच गेले, नाव तेवढं मागे राहिलं. सर्वसाधारण इंदूरकराला हा भाग आठवतो तो विजेचं बिल भरमसाट आलं की, कारण पश्चिम मध्य प्रदेशच्या वीज वितरण कंपनीचं मुख्यालय इथल्या जीपीएच कंपाउंडमध्ये आहे. त्याच्या आसपास लहान लहान कारखाने आहेत आणि त्यांत औषधांचेही आहेत. नंतर सांवेर रोड वाढला, पीथमपूर उभं राहिलं, मोठी धेंडं तिकडे गेली. पण माळवा-निमाडातल्या एखाद्या खेड्यात ताप उतरवणारी किंवा ‘ताकद आणणारी’ जी गोळी पोटात जाते, तिचं गोत्र पुष्कळदा आरएनटी मार्गावरच्या दवाबाजारातून मागे काढत गेलं की असल्याच एखाद्या पत्त्यावर निघतं.

गोळी कशी होते हे एकदा समजून घेतलं की तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते. सर्दीच्या साध्या गोळीत क्लोरफेनिरामिन चार मिलिग्रॅम. चार मिलिग्रॅमची गोळी चिमटीत धरता येणार नाही, ती दिसणारसुद्धा नाही. म्हणून तिला अंग द्यावं लागतं. स्टार्च, लॅक्टोज, थोडी शंखजिऱ्याची पूड, साच्याला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट. आपण गिळतो त्यातला बराचसा भाग हा असा, कसलाही गुण नसलेला. पूर्वी त्यावर साखरेचं कवच चढायचं. तिरकं बसवलेलं, गरगर फिरणारं मोठं भांडं, त्याला कोटिंग पॅन म्हणतात. त्यात गोळ्या घोळायच्या, वरून पाक ओतायचा, गरम हवा सोडायची, सुकलं की पुन्हा पाक. कडा बुजून गोळी गोल गरगरीत होईपर्यंत हे चालायचं. मग रंगाचे थर आणि शेवटी मेण लावून चकाकी. जुना कारागीर भांड्यातल्या आवाजावरून पाक जास्त झाला का ते ओळखायचा. हल्ली पातळ फिल्मचा लेप फवारतात आणि काही तासांत काम उरकतं. पण दोन्हींमागचा हिशेब एकच : कडवटपणा झाकावा, औषध टिकावं आणि गोळी बघणाऱ्याच्या मनात भरावी.

या ‘मनात भरण्या’ला औषधशास्त्राने बराच काळ नुसती सजावट मानलं. नवं औषध खरंच काम करतं का हे पाहायचं, तर त्याच रंगाची, त्याच वजनाची, त्याच चवीची, पण औषध नसलेली दुसरी गोळी बनवतात. प्लासिबो. अर्ध्या रोग्यांना ही, अर्ध्यांना ती. कोणाला कोणती दिली हे रोग्याला माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. मग वजाबाकी. खऱ्या गोळीने जेवढं बरं वाटलं त्यातून खोट्या गोळीने बरं वाटलेलं वजा केलं की उरेल तो औषधाचा गुण. इथवर ठीकच आहे. पण जे वजा केलं ते कुठून आलं, हा प्रश्न कित्येक वर्षं हिशेबाच्या वहीत खालच्या ओळीवर पडून होता.

घराघरांत मात्र त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असल्यासारखं वागतात. रामबागेतल्या आमच्या एक आत्या लाल कॅप्सूल असेल तरच अशक्तपणावर घेत. पांढरी दिली की म्हणत, “ही सर्दीची रे. हिने काय रक्त वाढणार?” त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. १९७२ साली अमेरिकेत सिनसिनाटीला ब्लॅकवेल नावाच्या डॉक्टरांनी मेडिकलच्या विद्यार्थ्यांना गुलाबी आणि निळ्या, आत काहीही नसलेल्या कॅप्सूल दिल्या. काहींत तरतरी आणणारं, काहींत गुंगी आणणारं औषध आहे, एवढंच सांगितलं. निळी घेणारे जास्त पेंगले, गुलाबी घेणारे तरतरीत झाले आणि एकीपेक्षा दोन घेणाऱ्यांवर परिणाम जास्त दिसला. ही भावी डॉक्टर मंडळी होती, रामबागेतल्या आत्या नव्हेत.

माझ्या लहानपणापर्यंत दवाखान्यांत मिक्श्चर मिळायचं. बाटली घरून न्यायची, कंपाउंडर ती विसळून घ्यायचा, मागच्या बरण्यांतून गुलाबी किंवा करड्या रंगाचं काहीतरी ओतायचा, वर नळाचं पाणी. मग कागदाची एक पट्टी घ्यायची, ती दुमडायची, कडेने कात्रीने तिरके काप द्यायचे आणि उलगडून बाटलीला खळीने चिकटवायची. प्रत्येक दात म्हणजे एक डोस. आमच्या गल्लीतले कंपाउंडरकाका ती पट्टी इतक्या मन लावून कापत की बाकावर बसलेल्यांची कुरकुर थांबे. “हलवून घ्यायचं बरं का, आणि रिकाम्या पोटी नाही.” बाटलीतल्या द्रवापेक्षा या दोन सूचनांचा गुण मोठा होता, असं आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा तो एकजीव होता. कुठला भाग औषधाचा आणि कुठला काकांचा, हे बाटलीत वेगळं दिसत नव्हतं.

ते वेगळं करून दाखवण्याची खटपट दोनशे वर्षांहून जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पर्किन्स नावाच्या एका अमेरिकन डॉक्टराने धातूच्या दोन टोकदार कांड्यांचं पेटंट घेतलं. दुखऱ्या जागेवरून त्या फिरवल्या की दुखणं ओढून निघतं, असा दावा. इंग्लंडमध्ये जोडीची किंमत पाच गिनी. खानदानी घरांत त्या असायच्याच. १७९९ साली बाथ इथे जॉन हेगार्थ या डॉक्टरांनी तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करवून घेतल्या आणि संधिवाताच्या पाच रोग्यांवर फिरवल्या. चौघांना आराम पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या फिरवल्या, तरी निकाल तोच. हेगार्थ पर्किन्सची फक्त टर उडवून थांबले असते तर त्यांचं नाव कोणी घेतलं नसतं. त्यांनी पुढचा विचार केला, की कल्पना जर रोग घालवू शकते तर ती रोग आणूही शकत असणार. या दुसऱ्या अर्ध्यापर्यंत यायला वैद्यकाला पुष्कळ वेळ लागला.

मधल्या काळात प्लासिबोची महती वाजवीपेक्षा फुगली. १९५५ साली हेन्री बीचर या भूलतज्ज्ञांनी पंधरा चाचण्यांची गोळाबेरीज करून सुमारे ३५ टक्के रोग्यांना प्लासिबोने गुण येतो असं लिहिलं आणि हा आकडा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. त्यातले कितीतरी रोगी काहीच न घेताही बरे झाले असते, हे नंतर लोकांनी दाखवून दिलं. माणूस दवाखान्यात जातो तेव्हा दुखणं बहुधा टोकाला पोचलेलं असतं, म्हणजे यापुढे ते उतरायचंच. २००१ साली ह्रोबयार्टसन आणि ग्योत्शे या डेन्मार्कच्या जोडीने, प्लासिबो घेणारे आणि काहीच न घेणारे यांची तुलना असलेल्या शंभरावर चाचण्या तपासल्या. वेदना सोडली तर फरक नगण्य. हा टोला आवश्यक होता.

पण वेदनेचं काय? १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग झाला होता. प्लासिबोने ज्यांचं दुखणं कमी व्हायचं, त्यांना नालोक्सोन दिलं, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम पुसणारं औषध. दुखणं परतलं. याचा अर्थ, भरवशाने शरीराने स्वतःच अफूसारखं काहीतरी स्रवलं होतं आणि नालोक्सोनने ते अडवलं होतं. पुढे इटलीत तुरीनच्या बेनेदेत्तींनी याची उलटी बाजू पाहिली. तेच वेदनाशामक, तेवढीच मात्रा, पण एकदा डॉक्टर समोर उभे राहून ‘आता देतोय हं’ म्हणत टोचतात आणि एकदा यंत्र रोग्याच्या नकळत नळीतून सोडतं. नकळत दिलेलं औषध कमी लागू पडतं. म्हणजे खरं औषधही आपलं काम एकट्याने पुरं करत नाही.

इथे एखाद्याला वाटेल, छान, मग गोड बोला आणि साखर वाटा. त्यांच्यासाठी २०११ सालचा बोस्टनमधला दम्याचा अभ्यास मी नेहमी काढतो. रोगी थोडेच, चाळीसच्या आसपास. प्रत्येकाला आळीपाळीने चार गोष्टी : खरा अल्ब्युटेरॉल पंप, औषध नसलेला पंप, खोटं अॅक्युपंक्चर आणि नुसतं बसवून ठेवणं. ‘किती बरं वाटलं?’ असं विचारल्यावर खऱ्या पंपाला ५० टक्के सुधारणा, खोट्या पंपाला ४५, खोट्या सुयांना ४६ आणि बसून राहण्याला २१. रोग्याच्या तोंडून ऐकलं तर खरं-खोटं सारखंच. मग त्यांना नळीत फुंकायला लावलं. श्वास सोडण्याची ताकद खऱ्या पंपाने २० टक्के वाढली होती, बाकी तिन्हींनी जेमतेम सात. रोगी खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच मोकळं वाटत होतं. फक्त त्यांच्या श्वासनळ्यांना ते कळलं नव्हतं. अशा माणसाला रात्री मोठा झटका आला तर ‘मोकळं वाटतंय’ या भरवशावर तो किती वेळ घरी बसून राहील, ही भीती मला त्या आकड्यांतून वाटते.

आणि साखर तरी नेहमी साखर असते का? लहान मुलाला खोकला झाला की आईबापांना बाटली हवी असते. बाटली न देणारा डॉक्टर म्हणजे काही येत नसलेला डॉक्टर. वास्तविक मुलांच्या साध्या सर्दी-खोकल्यावर ही सिरपं पाण्यापेक्षा फारशी सरस आहेत असा भरवशाचा पुरावा नाही. म्हणजे ती बाटली मुख्यतः आईबापांच्या जिवाला दिलेलं औषध. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्याच राज्याच्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या बाजूला, अशाच एका बाटलीने वीसहून अधिक मुलं गेली. मूत्रपिंडं निकामी झालेली कितीतरी मुलं उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. कोल्ड्रिफ नावाच्या त्या तमिळनाडूत बनलेल्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनने १४ रोगी दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यावर सविस्तर अहवाल दिला होता. चाळीस वर्षं झाली. विष कोणी घातलं, तपासलं का नाही, हा कायद्याचा प्रश्न आहे आणि तो चालू राहील. मला दुसरा प्रश्न सुटत नाही : ज्या औषधाचा गुण मुळात समाधानापुरता, त्याची जोखीम आपण शून्य धरून चालतो. ‘गुण नाही आला तर नाही, अपाय तर नाही ना!’ सलाईन चढवून घेताना, विषाणूच्या तापावर अँटिबायोटिक मागताना आपण हेच म्हणतो. साखरेच्या गोळीचा हा मोठा भाऊ, त्याच्यात औषध असतं, फक्त त्या दुखण्याचं नसतं. ब्रिटनमध्ये २०१३ साली छापून आलेल्या एका पाहणीत ९७ टक्के फॅमिली डॉक्टरांनी असं काहीतरी कधी ना कधी दिल्याची कबुली दिली होती. आमच्याकडे पाहणी करायलाही नको, बाकावर बसून ऐकलं तरी पुरे.

हेगार्थचं दुसरं अर्ध म्हणजे नोसिबो : वाईट होईल असं ऐकलं की वाईट होणं. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला तो पातळ कागद असतो ना, तो आमच्या घरी कोणी उघडलाच तर दुसरा लगेच ओढून घेतो. “वाचू नकोस, सगळं होतंय असं वाटेल.” इटलीत प्रोस्टेटच्या रोग्यांना फिनास्टराइड दिलं. अर्ध्यांना सांगितलं, की कधीकधी याने लैंगिक तक्रारी होतात, अर्ध्यांना ते सांगितलं नाही. वर्षाअखेर तशा तक्रारी ऐकलेल्यांत ४३.६ टक्के, न ऐकलेल्यांत १५.३. गोळी दोघांची एकच. २०२० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजने कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीबद्दल याहून चतुर प्रयोग केला. अंग दुखतं म्हणून ज्यांनी गोळी सोडली होती, अशा साठ जणांना वर्षभराच्या बाटल्या दिल्या : चार महिन्यांची खरी गोळी, चार महिन्यांचा प्लासिबो, चार बाटल्या चक्क रिकाम्या, क्रम उलटसुलट. रोज मोबाइलवर त्रासाची नोंद. रिकाम्या महिन्यांत त्रास कमी. प्लासिबोच्या महिन्यांत मात्र खऱ्या गोळीच्या सुमारे ९० टक्के त्रास. मला यातला शेवट आवडतो. रोग्यांना त्यांचेच आलेख दाखवले आणि निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं त्यांना कोणी म्हटलं नाही. अंग खरंच दुखत होतं, कारण फक्त वेगळं निघालं.

मग सांगावं की सांगू नये? चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला उपदेश आहे, की रोग्याचं आयुष्य सरत आल्याचं वैद्याला कळलं, तरी ज्या ठिकाणी सांगितल्याने त्याला किंवा दुसऱ्याला धक्का बसेल तिथे ते सांगू नये. आपल्या घरांनी हा उपदेश चरक न वाचता पाळला आहे. डॉक्टरांच्या केबिनमध्ये आईला बाहेर बसवून मोठा मुलगा आत जातो. आईला ‘गाठ आहे, काढली की झालं’ एवढं सांगायचं ठरतं. आई सगळं ओळखते आणि मुलांना बरं वाटावं म्हणून काही विचारत नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांना दिलेला हा प्लासिबो. त्याला मी नावं ठेवणार नाही, त्यात माया आहे. पण केमोथेरपी घ्यायची की नाही हे मग कोण ठरवतं, हेही पाहिलं पाहिजे.

आकड्यांत सांगितलं की प्रश्न सुटतो, असा सुशिक्षितांचा एक समज असतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. शंभर टक्क्यांनी वाढतो. खरं होतं ते. सात हजार बायकांत एकीच्या जागी दोघी. हजारो बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे तेरा हजार गर्भपात जास्त झाले. गेर्ड गिगेरेंझर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हे उदाहरण सगळीकडे देतात आणि त्यांचं मागणं साधं आहे : टक्क्यांत बोलू नका, माणसांत बोला. किती माणसांतली किती, आणि औषध न घेणाऱ्यांत किती.

आपल्याकडे ही गोष्ट २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत घडली. ॲस्ट्राझेनेकाने लंडनच्या कोर्टात मान्य केल्याची बातमी आली, की त्यांच्या लसीने क्वचित प्रसंगी गुठळ्या होऊ शकतात, आणि पुण्यात बनलेली कोविशील्ड दंडात टोचून तीन वर्षं झालेली माणसं छातीवर हात ठेवून बसली. वाहिन्यांवर लाल पट्ट्या. वास्तविक आपल्या आरोग्य मंत्रालयाने मे २०२१ मध्येच आकडा दिला होता : भारतात दहा लाख डोसांमागे ०.६१. पण ०.६१ माणूस कोणी पाहिला आहे? २०११ च्या जनगणनेत इंदूर शहर जवळपास वीस लाखांचं होतं. त्या इंदुरातल्या प्रत्येकाने, राजवाड्यापासून पोलोग्राउंडपर्यंत तान्ह्या पोरासकट सगळ्यांनी, एकेक डोस घेतला असता तर सगळ्या शहरात एखाद्याला हे झालं असतं. आणि तेही बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, तीन वर्षांनी नव्हे. असं कोणी सांगितलं असतं तर रात्रीच्या झोपा उडाल्या नसत्या. ‘लस पूर्ण सुरक्षित आहे’ हे सरकारी वाक्य तेव्हा ऐकायला बरं वाटलं, पण त्याची किंमत २०२४ मध्ये चुकवावी लागली.

हे सगळं परगावचं, परदेशचं झालं. इंदूरचं नाव या विषयात निघतं ते वेगळ्या कारणाने, आणि ते टाळून इथल्या माणसाने यावर लिहू नये. १८७८ सालच्या मेडिकल स्कूलची परंपरा सांगणारं, १९४८ साली उभं राहिलेलं महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेज आणि त्याचं महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आमचं ‘एमवाय’, यांच्याशी संबंधित काही डॉक्टरांनी देशी-परदेशी कंपन्यांच्या औषधचाचण्या गरीब रोग्यांवर, मुलांवर, मनोरुग्णांवर केल्या आणि रोग्यांना त्याची नीट कल्पना दिली नाही, असा आरोप २०१० च्या सुमाराला बाहेर आला. डॉ. आनंद राय यांनी तो लावून धरला. जानेवारी २०१२ मध्ये राज्य सरकारने बारा डॉक्टरांना, चाचण्यांची माहिती दिली नाही म्हणून, प्रत्येकी पाच हजार रुपये दंड केला. पाच हजार! त्याच वर्षी इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच सर्वोच्च न्यायालयात गेला.

२०१२ च्या अखेरीस बीबीसीचे लोक इथे येऊन गेले. एका गरीब कुटुंबाने त्यांना सांगितलं, की सासूबाईंना घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो, एरवी आमच्या वाट्याला पाच रुपयांची चिठ्ठी आणि साधी औषधं, त्या दिवशी मात्र डॉक्टर म्हणाले, तुम्हाला परदेशी औषध देतो, सवा लाखाचं. कुटुंब हरखलं. यात मला एक क्रूर योगायोग दिसतो. २००८ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता : वेदनाशामक म्हणून एकच साखरेची गोळी, पण अर्ध्यांना तिची किंमत अडीच डॉलर सांगितली, अर्ध्यांना दहा सेंट. महागडीने ८५ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं, स्वस्त गोळीने ६१. किंमत हेसुद्धा औषधच, हे त्या संशोधकांनी प्रयोगशाळेत मोजलं. एमवायच्या वऱ्हांड्यात ते कोणीही न शिकवता वापरलं गेलं, आणि रोग्याला गुण यावा म्हणून नव्हे, त्याने प्रश्न विचारू नयेत म्हणून.

धार-झाबुआ-बडवानीहून रात्रभर बसने येऊन सकाळी ओपीडीच्या रांगेत उभ्या असणाऱ्या माणसाला तुम्ही पाहिलं असेल. कागद पुढे केला की तो वाचत नाही, अंगठा नाहीतर सही कुठे करायची तेवढं विचारतो. “डाक्टर साब, आप जो ठीक समझो.” हे वाक्य मी या शहरात जन्मभर ऐकत आलो आहे आणि मराठी घरांतही याचं मराठी रूप आहे : तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर. कंपाउंडरकाकांच्या बाटलीत जे गुण आणायचं ते हेच. न वाचता सही करायला लावतं तेही हेच. भरवसा दोन प्रकारचा नसतो. ज्या माणसाला प्लासिबो सर्वांत छान लागू पडेल, त्यालाच फसवणं सर्वांत सोपं. म्हणून ज्याच्यावर असा भरवसा टाकला जातो त्याला गोड बोलून वेळ मारून नेण्याची मुभा मी देणार नाही.

न्यायालयातून पुढे नियम आले. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने चाचणीत इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाईचे नियम काढले. त्यांत एक कलम असं, की प्लासिबो दिल्यामुळे झालेल्या इजेलाही भरपाई. कंपन्या चक्रावल्या : ज्यात काही नाहीच त्याने इजा कशी होईल? होते. आजारावर चांगलं औषध बाजारात असताना कोणाला वर्षभर पीठ खायला घातलं तर पीठ काही करत नाही, आजार करतो. डिसेंबर २०१४ मध्ये ते कलम नेमकं केलं : प्रचलित उपचार उपलब्ध असताना तो न दिल्याने इजा झाली तर. २१ ऑक्टोबर २०१३ ला न्यायालयाने संमती घेतानाचं दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचं केलं. २०१५ च्या दुरुस्तीत ते नव्या रसायनांच्या चाचण्यांतल्या दुर्बल गटांतल्या रोग्यांपुरतं राहिलं आणि २०१९ च्या नव्या नियमावलीतही ते तसंच आहे. कॅमेरा आला हे चांगलंच झालं, त्याने काही वाईट गोष्टी नक्की थांबल्या असतील. पण कॅमेऱ्यासमोर माणूस मान हलवतो. समजल्यावरही हलवतो आणि न समजल्यावर जरा जास्तच. निमाडी किंवा भिली बोलणाऱ्या बाईला ‘आपको प्लेसिबो आर्म में रँडमाइज किया जा सकता है’ हे हिंदी म्हणून ऐकवलं जात असेल, तर चित्रण स्वच्छ निघेल आणि संमती तितकीच धूसर राहील. ‘अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळेल, अर्ध्यांना पिठाची, तुमची कुठली हे मलाही माहीत नाही, नको असेल तर आत्ता नाही म्हणा, तुमचा नेहमीचा इलाज चालूच राहील’, यात न समजण्यासारखं काही नाही. हे बोललं तर रोगी पळून जातील असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते एकदा बोलून पाहावं.

खरं सांगितलं की प्लासिबो मरतो, ही समजूतही आता पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही. २०१० साली हार्वर्डच्या टेड कॅप्टचक यांनी पोटाच्या जुनाट तक्रारीच्या, आयबीएसच्या, ८० रोग्यांपैकी निम्म्यांना उघड सांगून साखरेच्या गोळ्या दिल्या. बाटलीवर प्लासिबो असं छापलेलं. यात औषध नाही, पण अशा गोळ्यांनी शरीर स्वतःला सावरतं असं अभ्यासांत दिसलं आहे, असं समजावून सांगितलं. तीन आठवड्यांनी गोळी घेणाऱ्यांत ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम, न घेणाऱ्यांत ३५. प्रयोग छोटा, आणि मन-शरीराच्या नात्यावरच्या अभ्यासाची जाहिरात वाचून आलेली माणसं मुळात त्याकडे झुकलेली असणार, ही शंका रास्त आहे. पुढच्या अभ्यासांतही परिणाम दिसला तो वेदना, थकवा असल्या तक्रारींत. गाठ विरघळली नाही, साखर उतरली नाही. पण खोटं न बोलता धीर देता येतो, एवढं त्यातून पक्कं झालं.

डॉक्टर मित्र यावर म्हणतात, वेळ कुठे आहे? एमवायची ओपीडी बघून ये, दोन मिनिटं मिळतात माणशी. ते खोटं नाही. पण २०१० सालीच बोस्टनच्या एका रुग्णालयात बाळंतिणींना पाठीत भुलीचं इंजेक्शन देताना एक साधी गोष्ट तपासली होती. १४० बायका. अर्ध्यांना सुई टोचण्याआधी सांगितलं, ‘आता मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग.’ अर्ध्यांना सांगितलं, ‘आता जागा बधिर करणारं औषध देतो, म्हणजे पुढे तुम्हाला आराम राहील.’ दुसऱ्या वाक्यात काही खोटं नव्हतं. दहापैकी किती दुखलं असं विचारलं तर मधमाशीवाल्यांचा मधला आकडा पाच, दुसऱ्यांचा तीन. सुई तीच, हात तेच, आणि दोन्ही वाक्यं म्हणायला वेळही तेवढाच लागतो.